उत्तर बाकी

एका मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात एक प्रयोगशाळा होती. इमारत जुनी, दगडी. १९८३ साली तिथे एक तरुण डॉक्टर विषाणूंचा अभ्यास करायला रुजू झाल्या. थोड्याच दिवसांत सगळे त्यांना बाई म्हणू लागले.

प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर. शिस्तीचे, कामाला चोख, रागाला लवकर चढणारे. आणि एक होते मामा. नळ्या धुणं, फ्रीझर सांभाळणं, नोंदवहीत आकडे चढवणं हे मामांचं काम. मामा सातवीपर्यंत शिकलेले होते, पण अक्षर असं की नोंदवही वाचायला कुणाला कधी अडचण आली नाही.

बाईंच्या वाट्याला कावीळ आली. कावीळ अनेक कारणांनी होते. त्यातली ‘बी’ नावाच्या विषाणूची कावीळ रक्तातून आणि शरीरातल्या इतर द्रवांतून पसरते. दूषित सुईतून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला. काहींना ती होऊन जाते आणि शरीर विषाणूला हुसकावून लावतं. काहींच्या यकृतात मात्र विषाणू मुक्काम करतो. लहानपणी शिरला तर बहुतेक वेळा जन्मभराचा.

त्या काळी प्रयोगशाळेत या विषाणूच्या दोन खुणा तपासत. पहिली खूण त्याच्या वरच्या आवरणाची. ती सापडली की विषाणू शरीरात आहे. दुसरी खूण ‘ई’ नावाच्या प्रथिनाची. ती सापडली की विषाणू जोरात वाढतो आहे. ‘ई’ सापडलं नाही आणि त्याच्या विरुद्धची प्रतिपिंडं सापडली, की विषाणू शांत झाला असं समजायचं. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते खरंही ठरत होतं.

१९८४ साली एक एसटी कंडक्टर प्रयोगशाळेत आला. रक्तदान शिबिरात त्याचं रक्त नाकारलं गेलं होतं. वय पस्तिशीचं, अंगावर खाकी, गळ्यात तुळशीची माळ. ड्यूटी संपवून तसाच आला होता.

“मॅडम, काय निघालं?” त्यानं विचारलं.

बाईंनी कागद पाहिला. आवरणाची खूण होती. ‘ई’ नव्हतं. प्रतिपिंडं होती.

“विषाणू आहे, पण झोपलेला आहे,” बाई म्हणाल्या. “काळजी करू नका. सहा महिन्यांनी या.”

कंडक्टरनं हात जोडले आणि तो गेला.

सहा महिन्यांनी तो आला तेव्हा यकृताच्या तपासणीतला एसजीपीटीचा आकडा वाढलेला होता. पुढच्या खेपेला आणखी वाढला. ‘ई’ मात्र प्रत्येक वेळी नव्हतंच. विषाणू झोपलेला असेल तर यकृताला कोण खातं आहे, हे बाईंना कळेना. त्या कागद घेऊन सरांकडे गेल्या.

“पुन्हा तपासा,” सर म्हणाले.

पुन्हा तपासलं. तेच आलं.

“मग पीत असेल,” सर म्हणाले.

“सर, तो माळकरी आहे. चहासुद्धा घेत नाही म्हणतो.”

“सगळेच तसं म्हणतात.” सरांनी केसपेपर ओढला, त्यावर ‘दारू’ असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. सर नेमके होते. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह काढायला ते विसरत नसत.

अहवाल गेला. रिवाजाप्रमाणे उरलेलं रक्तद्रव फेकून द्यायचं होतं. संध्याकाळी बाई हात धूत असताना त्यांना दिसलं, मामा ती नळी बाजूला काढत होते. त्यांनी फ्रीझरच्या तळातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात वीस-पंचवीस नळ्या होत्या. वर चिकटपट्टीवर मामांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उत्तर बाकी’.

“मामा, हे काय?”

मामा थोडे ओशाळले. “ज्यांचं जुळत नाही त्यांच्या नळ्या आहेत, बाई. मोठे सर आधी होते ना, तेव्हापासून ठेवतो.”

“कशाला? जागा किती कमी आहे आपल्याकडे.”

“माणसानं रक्त दिलं ते उत्तरासाठी दिलं,” मामा म्हणाले. “आपण उत्तर दिलं नाही. मग ते फेकायचं कसं?”

बाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसानंतर त्यांनीही डब्यात नळ्या ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक नळीवर तारीख आणि नोंदवहीचा क्रमांक. वीज गेली की मामा कोपऱ्यावरच्या बर्फवाल्याकडून लादी आणत, फोडून डब्याभोवती रचत आणि वीज येईपर्यंत फ्रीझरचं दार कुणाला उघडू देत नसत.

कंडक्टर येत राहिला. वॉर्डात दाखल झाला तेव्हा नव्या डॉक्टरनं जुन्या केसपेपरवरून नवा केसपेपर उतरवला. घाईत प्रश्नचिन्ह राहून गेलं. त्यापुढच्या कागदावर एक शब्द वाढला आणि ‘दारूचं व्यसन’ असं झालं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. एकानं उतरवलं, दुसऱ्यानं त्यावरून उतरवलं, एवढंच.

१९८८ च्या पावसाळ्यात त्याच्या पायांवर सूज आली आणि पोटात पाणी झालं. आषाढीची वारी त्या वर्षी त्याला जमली नाही. दिवाळीच्या आधी तो गेला.

पुढच्या वर्षी लंडनमधल्या संशोधकांचा एक लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. अंक बोटीनं यायचा, त्यामुळे ग्रंथालयात तो काही महिने उशिरा लागला. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. भूमध्य समुद्राकाठच्या देशांतल्या काही रुग्णांत ‘ई’ सापडत नव्हतं, तरी विषाणू जोरात वाढत होता आणि यकृत बिघडत होतं. संशोधकांनी त्या विषाणूचं जनुक वाचलं होतं. त्यात एक अक्षर बदललेलं होतं.

हा विषाणू फार लहान. त्याच्या जनुकाची सगळी पोथी सुमारे ३,२०० अक्षरांची. पण तो आपली नक्कल करताना आडवाटेनं जातो. आधी डीएनएवरून आरएनए, मग आरएनएवरून पुन्हा डीएनए. ही दुसरी नक्कल उतरवणारं विकर म्हणजे लिहिलेलं मागे वळून न वाचणारा लेखनिक. चूक झाली तर ती पुढच्या प्रतीत जाते. बहुतेक चुका विषाणूला मारक ठरतात. एखादी मात्र त्याच्या पथ्यावर पडते.

लंडनच्या लेखातली चूक अशीच होती. १,८९६ क्रमांकाच्या जागी ‘जी’ असायला हवा, तिथे ‘ए’ आला होता. त्यामुळे तिथे ‘इथे थांबा’ अशी खूण तयार होत होती आणि ‘ई’ प्रथिन अर्धवटच राहत होतं. विषाणूला वाढायला ‘ई’ लागतच नाही. शरीराची प्रतिकारशक्ती ‘ई’ला ओळखू लागली होती आणि ‘ई’ न बनवणाऱ्या विषाणूंचं फावलं होतं.

बाई थेट फ्रीझरपाशी गेल्या.

पण अक्षर वाचायचं कसं? त्यांच्याकडे तशी यंत्रं नव्हती. डीएनएच्या असंख्य प्रती काढणारं पीसीआरचं तंत्र तेव्हा नवं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत ते यंत्र आलं होतं. पत्रव्यवहारात आणि परवानग्यांत दोन वर्षं गेली. सर कुरकुरले, पण अर्जावर सही त्यांनीच केली. १९९२ च्या हिवाळ्यात बाई आणि मामा रातराणीनं निघाले. डब्यातल्या नळ्या दोन थर्मासांत बर्फ घालून भरल्या होत्या. मामांनी ते रात्रभर मांडीवर धरले. एका स्थानकावर गाडी थांबली तेव्हा रसवंतीवाल्याला उठवून त्यांनी आणखी बर्फ मागून घेतला.

संस्थेत बाई तीन महिने राहिल्या, मामाही बरोबर होते. तेव्हा जनुक वाचणं हे हातानं करायचं काम होतं. किरणोत्सारी खूण लावलेला डीएनए जेलमधून धावायचा, त्यावर एक्स-रेची फिल्म ठेवायची आणि अंधाऱ्या खोलीत ती धुऊन काढायची. फिल्मवर चार रांगा येत. जी, ए, टी आणि सी. प्रत्येक रांगेत बारीक काळे पट्टे. खालून वर, एकेक पट्टा मोजत वाचायचं.

कंडक्टरच्या नळीची फिल्म त्यांनी प्रकाशपेटीवर ठेवली. वहीत नेहमीच्या विषाणूचा क्रम लिहून घेतला होता. आधी टी, मग ओळीनं चार जी, मग सी. बाईंनी सुईचं टोक टीच्या पट्ट्यावर ठेवलं. पुढचा पट्टा जीच्या रांगेत असायला हवा होता. ती जागा रिकामी होती. पट्टा शेजारी, एच्या रांगेत होता. त्यानंतर जीचे तीनच पट्टे, आणि मग सी.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा खालून वाचलं. मग मामांना बोलावलं. मामांना अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता, पण रांगा समजल्या.

“हा इथे असायचा होता, तो तिथे गेला,” मामा म्हणाले.

“हो.”

“म्हणजे झोपलेला नव्हता.”

“नाही, मामा. कधीच झोपला नव्हता.”

डब्यातल्या सगळ्याच नळ्यांचं उत्तर मिळालं नाही. काहींत खरोखरच तपासणीची चूक निघाली. काहींत वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण पुष्कळ नळ्यांत तोच एक बदल होता. या विषाणूचे जनुकप्रकार आहेत, त्यांतले ए आणि डी आपल्या देशात जास्त दिसतात. बदल झालेले विषाणू बहुतेक डी प्रकारचे होते. त्या जागच्या अक्षराची समोरच्या एका अक्षराशी जोडी असते. डी प्रकारात बदलानंतर ती जोडी उलट घट्ट बसते. ए प्रकारात बहुधा ती सुटते, म्हणून तिथे हा बदल क्वचितच टिकतो.

परत आल्यावर बाईंनी सरांना फिल्म दाखवली. सरांनी ती खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. मग कपाटातून तपासणीचं छापील पत्रक काढलं आणि ‘विषाणू शांत’ या ओळीवर आपल्या हातानं काट मारली. तिथे लिहिलं, ‘ई सापडलं नाही. यकृताची तपासणी पाहून ठरवावे.’

“लेख लिहा,” ते म्हणाले.

“लिहीन, सर. आधी एका घरी जाऊन येते.”

कंडक्टरचं गाव दोन तासांवर होतं. मामा बरोबर होते. घर साधं, शेणानं सारवलेलं, भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर. कंडक्टरची बायको चुलीपाशी होती. मोठा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, धाकटी मुलगी शाळेत जाणारी. बाईंनी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. विषाणू कसा होता, त्यानं आपली खूण कशी पुसली, आमची तपासणी त्याला का ओळखू शकली नाही.

कंडक्टरची बायको शांतपणे ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

“म्हणजे दारूनं नाही ना?”

बाईंना क्षणभर काही सुचलं नाही.

मग तिनं सांगितलं. दवाखान्याच्या कागदावर दारू लिहिलेलं होतं. ते डेपोत कुणीतरी वाचलं. गावात आलं. माळ घालून चोरून प्यायचा, असं लोक म्हणाले. भजनी मंडळानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण नवऱ्याच्या जागी मुलाला टाळ धरायला कुणी बोलावलं नाही. चार वर्षं झाली. सासूबाई तर तेच मनात घेऊन गेल्या.

“नाही,” बाई म्हणाल्या. “दारूनं नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. चूक आमच्या कागदाची होती.”

“तेवढं लिहून द्याल का?”

बाईंनी तिथेच, पाटावर बसून, मराठीत लिहून दिलं. खाली सही केली, नोंदवहीचा क्रमांक घातला. एकादशीला तो कागद देवळात वाचला गेला.

त्या घरातल्या तिघांचं रक्त मामांनी बरोबर आणलं. आईच्या शरीरानं विषाणू कधीच हुसकावून लावला होता. मुलीला लागण नव्हती. लस तेव्हा परदेशातून येई आणि महाग होती. बाई, मामा आणि सर यांनी मिळून तिच्या तीन टोचण्यांचे पैसे भरले. मोठ्या मुलाच्या रक्तात मात्र विषाणू निघाला.

बाईंची पुढची सगळी नोकरी या बदलत्या विषाणूमागे गेली. त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट गाजत होती. इटलीत एका बाळाला जन्मल्यापासून लस दिली होती, तरी त्याला लागण झाली. १९९० मध्ये त्या विषाणूचं वाचन छापून आलं. आवरणाच्या प्रथिनात १४५ व्या जागी एक घटक बदलला होता आणि लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं त्याला नीट पकडू शकत नव्हती. डॉक्टरांच्या एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, “म्हणजे लस गेली!”

बाई उठून म्हणाल्या, “त्या लोकांनी लस दिलेल्या बाळाचंही रक्त तपासलं, म्हणून हे कळलं. लस दिली आहे म्हणून तपासायचं नाही असं ठरवलं असतं, तर कळलंच नसतं. एवढ्यावरून लस सोडू नका. डोळे उघडे ठेवून द्या.”

तैवाननं १९८४ पासून बाळांना लस द्यायला सुरुवात केली होती. १९९७ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की या विषाणूमुळे होणारा यकृताचा कर्करोग मुलांमध्ये कमी झाला आहे. त्याच वर्षी हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशी लस बाजारात आणली आणि किंमत उतरली. बाईंनी ती बातमी कापून पत्रकाशेजारी चिकटवली.

कंडक्टरच्या मुलाला पुढे लॅमिव्ह्युडिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षं सगळं ठीक चाललं. मग आकडे पुन्हा चढले. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, “गोळ्या बुडवतोस ना?” मुलगा खाली मान घालून म्हणाला, “नाही, साहेब.” डॉक्टरनं लिहायला पेन उचललं. बाई शेजारीच उभ्या होत्या.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “आधी विषाणू वाचू.”

वाचला. नक्कल उतरवणाऱ्या विकरातच २०४ व्या जागी बदल झाला होता आणि गोळीचा परिणाम त्यामुळे संपला होता. मुलानं एकही गोळी बुडवली नव्हती. पुढे टेनोफोव्हिर मिळू लागलं तेव्हा त्याला ते सुरू केलं आणि आकडे खाली आले. आज तो एसटीतच मेकॅनिक आहे, रोज एक गोळी घेतो आणि वर्षातून दोनदा तपासणीला येतो.

मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी फ्रीझरची किल्ली नव्या मुलाच्या हाती दिली आणि डबा दाखवला. २८ जुलै २०१८ रोजी, या विषाणूचा शोध लावणाऱ्या ब्लुंबर्ग यांच्या जन्मदिवशी, भारताचा राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर थोड्याच काळात बाईही निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी विद्यार्थ्यांनी त्यांना विचारलं, “बाई, इतक्या वर्षांत विषाणूकडून काय शिकलात?”

“विषाणूकडून बदल शिकले,” बाई म्हणाल्या. “बाकीचं मामांकडून.”

प्रत्येक कामात नियम असतात आणि ते लागतातच. नियमाशिवाय ना दवाखाना चालतो ना कचेरी. पण नियम कालपर्यंत आलेल्या माणसांवरून बनलेला असतो. आज दारात उभा असलेला माणूस त्यात बसला नाही, की आपल्याला दोन वाटा असतात. एक म्हणजे नियम पुन्हा तपासणं. त्याला वेळ लागतो, खर्च येतो, कधी वर्षं जातात. दुसरी म्हणजे माणसाला खोटं ठरवणं. त्याला पेनाचा एक फटकारा पुरतो, म्हणून आपण बहुतेक वेळा तीच वाट धरतो.

तेव्हा कुणाचं म्हणणं आपल्या कागदाशी जुळलं नाही, तर त्याच्या नावापुढे काही लिहिण्याआधी थोडं थांबावं. उत्तर माहीत नसेल तर ‘उत्तर बाकी’ असं लिहावं. तसं लिहिण्यात कमीपणा नाही. कागद चुकला तर तो दुरुस्त करता येतो. माणसाच्या नावाला लागलेला डाग काढायला मात्र त्याच्या घरापर्यंत जावं लागतं, आणि तोवर तो माणूस आपलं ऐकायला उरलेला असेलच असं नाही.